चिघळ, सॅमन आणि चार खुर्च्या

आमची खानावळ म्हणजे एक पत्र्याची शेड होती. एसटी स्टँडच्या मागं, जिथं बसगाड्या धुतात त्या बाजूला. पुढं गिऱ्हाइकांची बाकडी, मागं चूल, आणि चुलीच्या मागं एक पत्रा आडवा मारून केलेली खोली. त्या खोलीत आम्ही राहायचो. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. वडील मी तिसरीत असताना तापानं गेले. ते गेले तेव्हा आईला भाकरी थापता येत होती, बाकी कमाईचं काही येत नव्हतं. तिनं त्या भाकरीवर आम्हाला वाढवलं.

गिऱ्हाईक म्हणजे ड्रायव्हर, कंडक्टर, बदलीवर आलेले मास्तर लोक. शेवटचं गिऱ्हाईक हात धुऊन जाईपर्यंत आम्ही जेवायचं नाही, हा नियम. बहुतेक वेळा तोवर भाजी संपलेली असायची आणि रश्शाचं पाणी उरलेलं असायचं. आम्ही दोघं भावंडं बसून ते खायचो. आई बसायची नाही. ती उभ्यानंच भाकरीच्या तुकड्यानं पातेलं पुसून घ्यायची, तेच तिचं जेवण. तिला ताट घेऊन बसलेलं मी लहानपणी कधी पाहिलं नाही.

श्रावणात घाटात दरड आली की गाड्या बंद व्हायच्या आणि बाकडी रिकामी पडायची. मग आई नदीकडच्या रानात जाऊन ओच्यात चिघळ भरून आणायची. पुण्यामुंबईकडं हिला घोळ म्हणतात. जमिनीला चिकटून वाढते, लालसर देठ, जाड बुटकी पानं, चवीला आंबट. फुकट मिळते. लसूण-मिरचीवर परतून, मूठभर हरभऱ्याची डाळ घालून ती भाजी करायची आणि आठवडाभर आम्ही तीच खायचो. गाड्या सुरू झाल्या की भाजी बदलायची. त्यामुळं चिघळचा आंबट वास आणि गाड्या बंद असणं, ही माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती.

मला मात्र आईनं चुलीजवळ येऊ दिलं नाही. भाऊ पाणी भरायचा, बाकडी पुसायचा, कांदेही चिरायचा. मी पत्र्यामागं अभ्यास करायचे. कधी उठून बाहेर आले तर आई लाटणं दाखवायची. गिऱ्हाइकांना ती अभिमानानं सांगायची, "माझ्या पोरीला चहासुदिक करता येत न्हाई." एखादा मास्तर हसायचा, "अहो, मग सासरी कसं व्हायचं?" आई म्हणायची, "सासरची बघतील काय ते. ती इंजनेर होणारे."

मी झाले. आमच्या घरात, आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन्ही घरांत, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, नंतर पुण्यात दोन वर्षं नोकरी, आणि दोन हजार दोन साली कंपनीनं मला अमेरिकेला पाठवलं. ओहायोतल्या डब्लिनला. निघताना आईनं बॅगेत कांदा-लसूण मसाल्याची पिशवी घातली. मी म्हटलं, "मला कुठं स्वयंपाक येतो?" ती म्हणाली, "भाकरीला लावून खा."

डब्लिनमध्ये विमा कंपन्या, त्यांची ऑफिसं, त्या ऑफिसांत आम्ही. अपार्टमेंट्स एकसारखी, पार्किंग लॉट मोठाले, आणि पाच वाजता सगळ्या गाड्या घरी गेल्या की रस्त्यावर चालणारं माणूस नाही. मी एका गराज सेलमधून, म्हणजे कुणीतरी घरापुढं विकायला मांडलेल्या जुन्या सामानातून, जेवणाचं टेबल आणि चार खुर्च्या घेतल्या. एका खुर्चीवर मी बसायचे. बाकीच्या तिन्हींवर धुतलेले कपडे असायचे, घडी करायचे राहिलेले. संध्याकाळी दुधात सीरिअल, नाहीतर ब्रेड आणि त्यावर तो मसाला. पहिल्या हिवाळ्यात मी शुक्रवारी ऑफिसातून निघताना कुणाला तरी "सी यू" म्हणायचे आणि मग सोमवारी सकाळपर्यंत माझा आवाज वापरायची वेळच यायची नाही. एकदा सोमवारी मीटिंगमध्ये बोलायला तोंड उघडलं तर घसा बसलेला निघाला. सर्दी नव्हती. नुसता वापर नव्हता.

मराठी मंडळी होती. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी पॉटलक असायचा. म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ करून आणायचा. सगळं ठरवायच्या एक काकू. वीस वर्षं तिथं राहिलेल्या, मोठं घर, मोठा आवाज, मनानं वाईट नाहीत. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, आई काय करते. मी सांगितलं, "आईची खानावळ आहे." मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही.

"अरे वा," काकू म्हणाल्या, "मग तुझ्यावर तर मेन डिश."

"काकू, मला स्वयंपाक येत नाही."

त्यांना आधी ती चेष्टा वाटली. मग त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. मग तू प्लेट्स आण. आणि बर्फ."

तेव्हापासून माझ्या वाटचं काम ठरलं. एकट्या मुलांना प्लेट्स आणि बर्फच सांगायचे, त्यात माझ्यावर अन्याय असा काही नव्हता. पण त्या मुलांची लग्नं झाली, बायका आल्या, आणि त्यांच्या नावापुढं छोले आले, बिर्याणी आली. माझ्यापुढं प्लेट्स राहिल्या. माझ्याहून दोन वर्षं मागून आलेला नागपूरचा एक मुलगा, त्याला बोलायची खोड होती. म्हणाला, "यार, खानावळवाल्यांची मुलगी आणि प्लेट्स कागदाच्या?" सगळे हसले. मीही हसले. घरी येताना गाडीत मी ठरवलं की टेबलावर ठेवण्यासारखं काहीतरी एक मी करायला शिकेन. मोठं, पोटभरीचं, मधोमध ठेवायचं असं. कोशिंबीर नाही.

शिकायचं कुणाकडून? आईला फोन केला. तिकडं सकाळ होती, मागं भाकऱ्यांची थापथाप ऐकू येत होती.

"आई, मटणाचा रस्सा सांग ना कसा करतेस."

"का? तिकडं मिळत न्हाई?"

"मला करायचाय."

थापथाप थांबली. "कोण म्हटलं तुला कर म्हणून?"

"कुणी नाही. मलाच वाटलं."

"हे बघ," आई म्हणाली, "तुझ्या हाताला मी चटका लागू दिला न्हाई. एवढं शिकून तिकडं जाऊन रस्साच करायचा असंल तर हितं काय वाईट होतं?" आणि फोन भावाकडं दिला. त्यानंतर मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळेला तिनं फोन भावाकडंच दिला. तिला त्यात स्वतःची हार दिसत होती, हे मला कळत होतं. पण मला कळून उपयोग काय? मी इकडं, ती तिकडं, आणि मध्ये पातेलं रिकामं.

माझ्या दारासमोर, जिन्याच्या पलीकडच्या अपार्टमेंटमध्ये एक अमेरिकन बाई राहायची. सत्तरीची, नवरा वारलेला, शाळेच्या बसवर ड्रायव्हर होती म्हणे आधी. ती बाल्कनीत सिगरेट ओढत बसायची आणि मी आले-गेले की हात करायची. दोन वर्षं आमचं एवढंच. मग एका नोव्हेंबरात तिनं दार वाजवलं. हातात पांढऱ्या कागदात बांधलेलं, दगडासारखं गोठलेलं एक पुडकं.

"स्टेक आहे," ती म्हणाली. "माझा फ्रीजर भरलाय. मी एकटी किती खाणार?"

स्टेक म्हणजे मांसाचा जाड काप, तिथं बहुतेक गाईचाच. मी सांगितलं, मी गाईचं खात नाही.

"गाय नाही, हरीण. भावानं मारलंय, दरवर्षी मारतो. हरीण खातेस?"

हरीण खातात की नाही, याबद्दल आमच्या घरात कधी काही ठरलेलं नव्हतं. मी पुडकं घेतलं.

रविवारी मी ते मांस नळाखाली चोळचोळून धुतलं, कारण आई मटण धुताना तसाच आवाज यायचा, पाणी पडत राहायचं बराच वेळ. मग हळद, मीठ, आलं-लसूण, आणि कुकर. कुणाला तरी ऐकलं होतं की जंगलातलं मांस चिवट असतं, म्हणून शिट्ट्या होऊ दिल्या, होऊ दिल्या, होऊ दिल्या. तेवढ्यात दारावर धाडधाड. उघडते तर समोरची बाई, पायात चपला नाहीत.

"काय झालंय? कुणाला लागलंय?"

माझ्यामागं कुकरनं पुन्हा शिट्टी मारली आणि ती दचकली. मी तिला आत घेऊन कुकर दाखवला. वाफ गेल्यावर झाकण उघडलं. आत करड्या दोऱ्यांचा गुंता होता, मधोमध पिवळं पाणी.

तिनं वाकून बघितलं. मग म्हणाली, "तू स्टेक उकळलास."

"हो."

"बाळा, ते हरीण एकदाच मेलं होतं."

मी हसले. मोठ्यानं हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की या घरात मी पहिल्यांदाच हसत होते. तीही हसली. मग घरी जाऊन ती एक लोखंडी तवा घेऊन आली, काळा, जड, बाजूंना काठ असलेला, आणि दुसरं पुडकं.

तिनं काही फार शिकवलं नाही. ते धुवायचं नाही, पुसून कोरडं करायचं. तवा चांगला तापवायचा. ठेवलं की हात लावायचा नाही. उलटलं की पुन्हा हात लावायचा नाही. उतरवल्यावर कापायच्या आधी तसंच राहू द्यायचं. "लोक फार छळतात त्याला," ती म्हणाली आणि आपल्या घरी निघून गेली, कारण तिची टीव्हीवरची मालिका लागायची होती.

मी एकटी तव्यासमोर उभी राहिले. तवा तापला का, हे बघून मला कळेना. मग मी त्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि तो आवाज ऐकला. ते ऐकलं आणि मी जागच्या जागी थांबले. हा आवाज मला माहीत होता. दहावीचं बीजगणित, बारावीची केमिस्ट्री, सगळं मी या आवाजाला पाठ लावून केलं होतं. पत्र्यापलीकडं आई तव्यावर पाण्याचा हबका मारायची, तो चर्र न होता टण्ण वाजला की भाकरी टाकायची. फोडणीत मोहरी कधी थांबते, लसूण कधी लाल होतो, तेल सुटलं की रश्शाचा आवाज कसा जाड होतो, हे मी बघितलं नव्हतं, पण ऐकलं सगळं होतं. नऊ-दहा वर्षं. आईनं मला चुलीपासून लांब ठेवलं, पण पत्रा केवढा जाड असतो?

मी स्टेकला कांदा-लसूण मसाला चोळला, टाकलं, आणि हात मागं बांधून ऐकत उभी राहिले. आवाज बदलला तेव्हा उलटलं. धूर एवढा झाला की छताचा अलार्म केकाटायला लागला आणि समोरची बाई तिच्या दारातूनच ओरडली, "दार उघडून टॉवेल हलव." मी टॉवेल हलवला. नंतर कपड्यांच्या खुर्च्यांसमोर बसून ते खाल्लं. बाहेरून काळं, आतून गुलाबी, मसाल्याचा जाळ, आणि मागून त्या मांसाची रानटी, गवतासारखी चव. चांगलं झालं होतं. शेजारी कुणी असतं तर त्याला मी सांगितलं असतं, बघ, चांगलं झालंय. कुणी नव्हतं, म्हणून मी ते मोठ्यानं एकदा म्हटलं आणि ताट धुऊन टाकलं.

सॅमनशी माझं जमायला त्याहून वेळ लागला. डब्लिनमध्ये आपल्याकडचे मासे मिळायचे नाहीत, मिळायचा तो हाच. केशरी, हातभर लांब, काटे काढलेला. नदीच्या माशासारखाच करायचा म्हणून मी त्याला दुपारभर चिंचेच्या कोळात ठेवला आणि मग रश्शात उकळला. संध्याकाळी पातेल्यात मासा नव्हता. भुगा होता आणि वर केशरी तेलाचा थर. सॅमन फार तेलकट, त्याला एवढं काही लागत नाही, हे मला माहीत नव्हतं. वर हिवाळा, खिडक्या बंद, आणि माझा लोकरीचा कोट स्वयंपाकघराच्या शेजारच्या कपाटात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या क्यूबिकलमधला माणूस दोनदा उठून आपल्या डस्टबिनमध्ये बघून आला. मी कोट गाडीत नेऊन ठेवला आणि थंडीत तशीच ये-जा केली.

पुढं मी तो तव्यावरच करायला लागले. कातडीची बाजू खाली, अंगाला फक्त मीठ-हळद, आणि हात मागं. कातडी पापडासारखी व्हायची. पण दोन घास झाले की तोंडाला तेल बसायचं. काहीतरी आंबट हवं होतं, आणि चिंच लावली की चिंचेचीच चव यायची. लिंबू पिळून बघितलं, ते वरवरच राहिलं. मी दर शनिवारी करायचे, दर शनिवारी एकटीच खायचे आणि दर शनिवारी काहीतरी कमी असायचं.

मग जुलै आला. समोरच्या बाईनं गावाच्या सामायिक बागेत भाजीचा एक वाफा घेतला होता. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून मी सकाळी तिच्याबरोबर जायला लागले. मला दुसरं काय काम होतं? ती टोमॅटोला काठ्या बांधत होती आणि मी तण उपटत होते. उपटून उपटून बाजूला ढीग घातला. नखात चिकट रस गेला होता, तो पुसायला म्हणून हात नाकाजवळ नेला आणि वास आला.

मी ढिगाकडं बघितलं. लालसर देठ, जाड बुटकी पानं. सकाळपासून मी चिघळ उपटत होते.

"हे मी घरी नेऊ का?" मी विचारलं.

"ते? ते तण आहे."

"आम्ही खातो."

तिनं कपाळावरचा घाम पुसला. "पार्किंग लॉटमध्येही येतं, तिथलं घेऊ नकोस, तिथं औषध मारतात. इथलं सगळं ने. सगळं ने, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येईल ते पण ने."

मी एक पान तोंडात टाकलं. तीच चव. लहानपणी या चवीनं माझं तोंड फिरायचं. त्या दिवशी मात्र मी तिथं वाफ्यात उकिडवी बसून मूठभर कच्चीच खाल्ली. बारा-तेरा हजार किलोमीटरवर मला ओळखणारं पहिलं काहीतरी भेटलं होतं, आणि ते तण होतं.

त्या संध्याकाळी लसूण ठेचून, हिरवी मिरची, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, आणि वर ती चिरलेली चिघळ. झाकण नाही. पाणी तिचं तिलाच सुटतं. ते आटत आलं की आवाज बारीक होतो, तिथं उतरवली. ताटात खाली ती भाजी, वर कातडी कडक केलेला सॅमन. पहिला घास घेतला आणि कळलं की झालं. माशाचं तेल आणि भाजीचा आंबटपणा एकमेकांना धरून बसले होते. चिंचेची गरज नव्हती, लिंबाची नव्हती. मी पुढच्या दोन शनिवारी परत करून बघितलं. दोन्ही वेळेला तसंच झालं.

मग काकूंना फोन केला. पार्कमधली उन्हाळी पिकनिक जवळ आली होती.

"काकू, यावेळी मी मेन डिश आणते. सॅमन."

"अगं, कशाला त्रास घेतेस? तुला ऑफिस असतं."

"त्रास नाही."

"आणि फिश ना, निम्मे लोक खात नाहीत गं. पार्कात गार होईल, वास येईल. तू आपल्या प्लेट्स आण. तुझ्या प्लेट्स चांगल्या असतात, गळत नाहीत."

त्यांनी खरोखर कौतुक म्हणून म्हटलं. मग म्हटलं, "बरोबर आहे, पार्कात नको. तुम्ही आणि काका माझ्याकडं जेवायला या. पुढच्या शनिवारी, सात वाजता."

इतक्या वर्षांत माझ्या घरी कुणी आलं नव्हतं. मी बोलावलंच नव्हतं. "येऊ की," त्या म्हणाल्या. "काय आणू?"

"काही नको."

"असं कसं, काहीतरी सांग."

"मग बर्फ आणा," मी म्हटलं.

समोरच्या बाईला दारातच सांगितलं. तिनं विचारलं, "कपडे कसले घालू?" मी म्हटलं, कुठलेही. शनिवारी सकाळी मी तिन्ही खुर्च्यांवरचे कपडे उचलून घड्या केल्या आणि कपाटात ठेवले. खुर्च्या पुसल्या. त्यांतली एक डुगडुगत होती, आणि हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं, कारण त्यावर कुणी बसलंच नव्हतं. पायाखाली पुठ्ठा घातला. दुपारभर मला एकच धास्ती होती. स्वयंपाकाची नाही, त्याचा आता भरवसा होता. काकूंचा फोन येईल, काकांना जरा बरं नाही, आज कॅन्सल करूया का, असं म्हणतील, आणि मी "नो प्रॉब्लेम" म्हणेन, आणि चार माणसांचं अन्न घेऊन एकटी बसेन, अशी धास्ती. फोन वाजला नाही.

सातला बेल वाजली. काका पुढं, बर्फाची पिशवी घेऊन. काकू मागं, हातात फॉइल लावलेला मोठा ट्रे.

"पुलाव आहे," त्या म्हणाल्या. "जस्ट इन केस."

"जस्ट इन केस काय?" काकांनी विचारलं.

"तुम्ही बर्फ ठेवा आधी," काकू म्हणाल्या.

मी ट्रे घेऊन ओट्याच्या टोकाला ठेवला. समोरची बाई ओठांना रंग लावून, चर्चला जातात तसा निळा ड्रेस घालून आली. तिघांना बसवलं. काका डुगडुगत्या खुर्चीवर बसले आणि ती डुगडुगली नाही.

आधी हरणाचं स्टेक दिलं, पातळ कापून, ज्वारीच्या पिठाच्या भाकरीबरोबर. भाकरी जाड झाली होती, तेवढं मी मान्य करते. "हे काय आहे?" काकांनी विचारलं. मी सांगितलं. काकूंनी काटा खाली ठेवला. काकांनी त्यांचाही तुकडा घेतला.

"तुम्हाला कोलेस्टेरॉल आहे," काकू म्हणाल्या.

"हरणाला नव्हतं," काका म्हणाले.

मग मी सॅमन वाढला. तव्यावरून थेट ताटात, खाली चिघळ. कातडी मोडल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, आणि मग कुणी बोलेना. खानावळीत असं व्हायचं. पत्र्यापलीकडं सगळे बोलत असायचे आणि भाजी पानात पडली की एकदम शांत. आईला पैसे मिळाल्यावर तोंडावर काही दिसायचं नाही, पण ती शांतता झाली की ती पदरानं तोंड पुसायची. तेवढं मी पत्र्याच्या फटीतून बघायचे.

काकूंनी भाजीतलं एक देठ काट्यावर उचलून दिव्याकडं धरलं. "ही घोळ आहे?"

"हो. आमच्याकडं चिघळ म्हणतात."

"कुठं मिळाली? पटेलच्या दुकानात?"

"ह्यांच्या वाफ्यात तण म्हणून उगवते."

काकूंनी ताट पुढं केलं. "अजून वाढ. मासा नको, नुसती भाजी." आणि मग खाली बघून, जेवता जेवता, त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्षं झाली असतील खाऊन. कुणाकडून शिकलीस?"

"आईची खानावळ आहे, सांगितलं होतं तुम्हाला."

"हो," काकू म्हणाल्या. "सांगितलं होतंस."

पुलाव तसाच राहिला. जाताना काकूंनी तो उचलला नाही, मीही आठवण केली नाही. पुढचे तीन दिवस मी डब्यात तोच नेला. चांगला होता.

सगळे गेल्यावर घर पुन्हा होतं तसं झालं. फ्रीजचा आवाज यायला लागला. एका जेवणानं एकटेपण जातं असं जर कुणी सांगत असेल तर मला तसा अनुभव नाही. समोरची बाई पुढच्या वर्षी मुलाकडं ॲरिझोनाला गेली. जाताना तवा मला देऊन गेली, आणि तिच्या बाल्कनीत आता एक जोडपं सायकली ठेवतं. काकू अजून पॉटलक ठरवतात. आता माझ्या नावापुढं मेन डिश असते, प्लेट्स नागपूरवाला आणतो, त्याची बायको माहेरी असली की. पण शनिवार-रविवार तेवढेच लांब राहिले.

जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला फोन केला. तिकडं संध्याकाळ, रात्रीच्या भाकऱ्या चालू. यावेळी मी काही विचारलं नाही, नुसतं सांगितलं. मासा असा असा असतो, तेल फार, आणि खाली चिघळ. भाऊ मागून काहीतरी बोलला, आईनं त्याला गप्प केलं. मला वाटलं, आता फोन त्याच्याकडं जाणार.

"डाळ भिजवून घातलीस का तशीच?" आईनं विचारलं.

"भिजवून."

"मीठ?"

"शेवटी. आधी घातलं तर ती आळते, मग अंदाज चुकतो."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तूच. शेवटी मिठाचा डबा उघडायचीस. झाकणाचा आवाज यायचा."

पलीकडं थापथाप थांबली होती, ती सुरू झाली नाही. "किती माणसं हुती?"

"तीन. आणि मी."

"तू कवा जेवलीस? मागनं?"

"नाही. त्यांच्याबरोबरच. बसून."

तव्यावरची भाकरी करपत असणार, कारण भाऊ ओरडला. मग ती म्हणाली, "बरं केलंस," आणि फोन ठेवला.

दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात, डब्लिन, ओहायो इथं, माझ्या टेबलाच्या चारही खुर्च्यांवर माणसं बसली. जेवण मी केलं होतं. सगळे पोटभर जेवले, आणि मीही त्यांच्याबरोबर बसून जेवले.